अण्णा येईपर्यंत हात लावू नका

अण्णा अकाउंट्समधले. निवृत्ती जवळ आलेली, जिना चढताना कठड्याला धरतात. पण "आउटलुक उघडतच नाहीये!" अशी हाक कुठूनही आली की टॅलीतली एंट्री अर्धी सोडून ते निघालेच. वाटेत चष्मा कपाळावरून नाकावर येतो.

पहिला प्रश्न ठरलेला. "काय केलंस?"

"काहीच नाही, अण्णा. काल तर चालू होतं."

"काल सगळ्यांचंच चालू असतं."

मग ज्याचं मशीन त्याने उठायचं आणि मागे उभं राहायचं. पडद्यावर आउटलुकची निळी पाटी थिजलेली. अण्णा माउसला शिवत नाहीत. माउस कच्च्या लोकांसाठी. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. टास्क मॅनेजर उघडतो. "हे बघ. बंद झालंच नाहीये, मागे दडून बसलंय. आणि तू आपली डबल क्लिक करत सुटली आहेस." एंड टास्क. पुष्कळदा दुखणं इथेच मिटतं आणि अण्णांचा चेहरा पडतो. इतक्या लवकर बरा होणाऱ्या रोग्यात कुठल्या वैद्याला रस असणार?

रंग चढतो तो यानंतरही उघडलं नाही तर. विंडोजचं बटण आणि आर. चौकटीत 'आउटलुक डॉट इएक्सइ', मग "स्पेस!" हे मोठ्याने, मग स्लॅश सेफ. सेफ मोडमध्ये उघडलं तर दोष बहुधा ॲड-इनचा. "कुठलं हे पीडीएफचं लोढणं लावून घेतलंस?" सगळी ॲड-इन्स बंद करून एकेक परत चालू करत बघायचं, हे काम मात्र ते तिच्यावरच सोपवतात. त्यात प्रेक्षक टिकत नाहीत.

सेफ मोडनेही हात टेकले, की अण्णा खुर्ची पुढे ओढतात. "पीएसटी." आवाज खाली आलेला. "ओएसटी असती तर पुसून टाकली असती, सर्व्हरवरून परत उतरते. पीएसटी गेली म्हणजे गेली." 2002 पर्यंतच्या आउटलुकमध्ये मेल साठवणारी ही फाइल 2 जीबीच्या पुढे जाऊच शकत नव्हती. 2010 पासून मर्यादा 50 जीबी झाली आणि माणसं मेल पुसायचं विसरली, असं त्यांचं ठाम मत. मला ते पटतं.

"36 जीबी? अगं, साठवलंयस तरी काय?"

ती सांगते: सहलीचे फोटो, दिवाळीच्या शुभेच्छा, एकाच कोटेशनच्या 'फायनल', 'फायनल नवं' आणि 'फायनल खरं' अशा आवृत्त्या.

आधी फाइलची कॉपी. त्यावर तडजोड नाही. मग ऑफिसच्या फोल्डरच्या पोटातून स्कॅनपीएसटी शोधून काढायचं, फाइल दाखवायची, बॅकअपची खूण तशीच ठेवायची आणि रिपेअर दाबायचं. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते. चहा येतो. आउटलुक एक्सप्रेसच्या डीबीएक्स फाइली कशा वाचवल्या, त्या कथा निघतात. कोणी नवखा म्हणतो, "मोबाइलवर मेल येतायत की!" त्याच्याकडे अण्णा बघतसुद्धा नाहीत.

शेवटी आउटलुक उघडतं. वरचाच मेल आयटी विभागाचा: आपल्या तक्रारीचं निवारण झालं असून तिकीट बंद करण्यात येत आहे. अण्णा तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचतात आणि पलीकडच्या टेबलाकडे वळतात. "तुझा प्रिंटर कसा आहे रे?"