मधलं पुरण

सलग बोलणारी माणसं आणि सलग बघवणारी माणसं या दोन वेगळ्या जाती आहेत. आमची मावशी पहिल्या जातीची. तिने पुरणपोळीचा व्हिडिओ करायचा ठरवला, आणि ज्याच्या फोनवर एडिटिंगचं ॲप आहे असा खानदानातला एकमेव रिकामटेकडा म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

मावशी पाऊण तास बोलली. त्यात पुरणपोळी जेमतेम सात-आठ मिनिटांची. उरलेल्या वेळात नागपूरच्या जाऊबाईंची कच्ची डाळ, गुळाचे भाव, पूर्वीचा गूळ, आणि शेजारणीने नेलेलं नि अजून परत न आलेलं पुरणयंत्र. घरातली शांतता टिकवायची तर हे सगळं कापणं भाग होतं. कापणं सोपं असतं. ॲपमध्ये कात्रीचं चित्र असतं, टाइमलाइनवर हवं तिथे थांबायचं, कात्री दाबायची, नको तो तुकडा उडवायचा. पंचाईत त्यानंतर होते. मावशी म्हणते, ‘डाळ मऊ शिजली की’, आणि पुढच्याच क्षणी तिचा नाकावरचा चष्मा डोक्यावर जातो, हातातला डाव ओट्यावर उडी मारतो आणि मुंगी चावल्यासारखी मान उडवून ती वाक्य पुरं करते, ‘कट काढून घ्यायचा.’ सबंध व्हिडिओ असा उचक्या देत चालतो.

या उचक्यांवरचं औषध म्हणजे बी-रोल. मावशीचा मूळ व्हिडिओ खालच्या पट्टीवर ठेवायचा आणि सांध्याच्या बरोबर वर दुसरं चित्रण चढवायचं. काइनमास्टर त्याला लेअर म्हणतं, इनशॉट पीआयपी म्हणतं, आणखी कोणी ओव्हरले म्हणतं. प्रत्येक ॲपचं बटण वेगळ्या कोपऱ्यात लपवलेलं असतं, पण करामत एकच. आवाज खालचा, चित्र वरचं. मावशी बोलते आहे, आपण शिजणारी डाळ बघतो आहोत, तेवढ्यात पडद्याआड तिचा चष्मा कुठे का जाईना.

ही झाकाझाक मोबाइलवाल्यांनी शोधलेली नाही. 16 मिलिमीटरच्या फिल्मवर काम चालायचं तेव्हा एकाआड एक शॉट दोन वेगळ्या रिळांवर लावत, ए आणि बी, आणि मधल्या मोकळ्या जागेत काळी फीत भरत. हेतू हाच, की छापताना सांधा दिसू नये. आपल्या हिंदी सिनेमाने तर ही कला कळसाला नेली. नायक-नायिका नको इतके जवळ आले की कॅमेरा बागेकडे वळे आणि दोन फुलं एकमेकांना टेकत. सेन्सॉर खूश, माळी खूश. आणि 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर आम्ही जी ‘व्यत्यय’ची पाटी तासन्‌तास पाहिली, तोही एका अर्थी बी-रोलच. फक्त खाली मूळ कार्यक्रमाचा आवाज नसायचा.

तर, मावशीच्या सांध्यांवर घालायला चित्रण हवं होतं. आळशी माणूस जे करतो तेच पहिल्यांदा केलं. पेक्सेल्स आणि पिक्साबे या ठिकाणी लोकांनी काढलेले व्हिडिओ फुकट मिळतात. ‘स्वयंपाकघर’ शोधलं तर पांढऱ्याशुभ्र संगमरवरी ओट्यावर एक सोनेरी केसांची बाई हसत हसत कसला तरी पाला चिरत होती. फोडणीचा एक डाग नाही, मिसळणाच्या डब्याचा पत्ता नाही, गॅसच्या शेगडीखाली वर्तमानपत्र नाही. नमुना म्हणून दोन सेकंद लावून मावशीला दाखवलं.

“ही कोण रे?”

“कोणी नाही गं, नुसतं मधे घालायला.”

“माझ्या पुरणपोळीत?”

तिचं म्हणणं रास्त होतं. त्या बाईचा ओटा फारच सुंदर होता आणि त्यामुळे आमचा ओटा उगाच गरीब दिसायला लागला. शिवाय पातेल्यात हरभऱ्याची डाळ शिजत असताना पडद्यावर पालेभाजी चिरली जाते, हे बघणाऱ्याला कितीही झोप आलेली असली तरी खटकतंच.

मग बी-रोल घरीच काढायचा ठरला, आणि तिथे मला या प्रकाराची खरी गोडी लागली. मावशी तोंडाने जे पाच मिनिटं समजावते ते पातेलं एका शॉटमध्ये सांगतं. पुरण झालं की नाही, यावर तिचं मोठं प्रवचन आहे. त्यात जाऊबाई दोनदा येतात. पण परीक्षा अगदी सोपी. गूळ घातल्यावर आधी सगळं पातळ होतं, मग आटत जातं, आणि पुरेसं आटलं की मधोमध रोवलेलं उलथनं हात सोडला तरी उभं राहतं. मी फोन पातेल्याच्या काठाशी नेला. कडेला पुरण फटफट उडत होतं, वाफेने लेन्स धूसर होत होती, ती साडीच्या पदराने पुसून मावशीने उलथनं रोवलं आणि हात काढून घेतला. उलथनं किंचित झुकलं, विचारात पडलं आणि उभंच राहिलं. पाच सेकंदांचा शॉट. त्याखाली प्रवचनाचे तीन सांधे गडप झाले आणि जाऊबाई दोन्ही वेळा बिनबोभाट बाहेर गेल्या.

तुपाची धार मात्र हट्टी निघाली. स्लो मोशनसाठी फोन सेकंदाला 120 चित्रं टिपतो आणि ती 30च्या चालीने दाखवतो, म्हणजे धार चौपट सावकाश पडते. पण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, ते डोळ्याला कळत नाही, फोनला कळतं. ओट्यावरच्या ट्यूबखाली तुपाची धार लग्नाच्या मांडवातल्या लाइटिंगसारखी चमचम करायला लागली. शेवटी पोळीचं ताट खिडकीपाशी नेऊन उन्हात तूप ओतलं. कावळ्याने लक्ष ठेवलं होतं, पण तो फ्रेममध्ये आला नाही.

काका आले. काकांना बी-रोलमध्ये यायचं होतं. कॅमेऱ्यासमोर बोला म्हटलं तर माणसं पळतात, पण ‘काही बोलायचं नाही, नुसतं वावरायचं’ म्हटलं की अख्खी बिल्डिंग इस्त्रीचे कपडे घालून हजर होते. काका मागून वर्तमानपत्र वाचत जायचे, पाणी प्यायचे, परत वाचत यायचे. तूप वाढतानाचा स्वतःचा एक शॉट त्यांनी शेजारच्या मुलाकडून काढूनही घेतला, फोन उभा धरून. मूळ व्हिडिओ आडवा. उभं चित्र आडव्यात बसवलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, आणि पट्ट्या घालवायला मोठं केलं की वरचं-खालचं कापलं जातं.

“माझं डोकं कुठंय?” काकांनी विचारलं.

“काका, तुमचा हात फार छान आलाय.”

खरा घोटाळा पुढेच झाला. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याच्या शेजारी कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, कधी सुंदर स्त्री लावली. त्या प्रत्येक जोडीगणिक लोकांना चेहऱ्यावर भूक, दुःख, अभिलाषा दिसली आणि त्यांनी नटाची वाहवा केली, असं सांगतात. आमच्या व्हिडिओत शेवटी ‘सगळ्यांना आवडते’ या वाक्यावर मावशीच्या हट्टाने कुटुंबाचे फोटो लावले होते. क्रमाने जाऊबाईंचा फोटो आला आणि लगेच मावशीचा चेहरा. मावशीने डोळे बारीक केले होते, ते तव्यावरच्या धुरामुळे. संध्याकाळी नागपूरहून फोन आला.

“माझा फोटो बघून तोंड का वाकडं केलंस गं?”

कुलेशॉव्ह नागपुरात पोचला होता. मधे पोळी फुगण्याचा तीन सेकंदांचा शॉट सरकवला आणि तोच चेहरा पोळीकडे कौतुकाने बघायला लागला. व्हिडिओ पुन्हा पाठवला. जाऊबाईंनी अंगठा पाठवला.

तेव्हा मंडळी, घरात कोणाचा व्हिडिओ करणार असाल तर बोलून झाल्यावर फोन लगेच बंद करू नका. भांडी, हात, वाफ, खिडकी असं दोन-चार मिनिटांचं काहीबाही त्याच दिवशी, त्याच उजेडात, फोन आडवा धरून काढून ठेवा. वर चढवताना त्याचा आवाज शून्यावर न्या, नाहीतर कुकरच्या शिट्टीबरोबर घरातली भांडणंही जगाला कळतात. आणि आमचा व्हिडिओ बघाल तेव्हा घाई असेल तर गुळापर्यंत पुढे ढकला, पण तूप वाढणारा हात तेवढा नीट बघा. तो काकांचा आहे. ते विचारतात.