पोवळ्यांचा दिवा आणि काकांचं लाइटबिल

स्टुटगार्ट

ती. काका आणि ती. आत्या,

आमच्या माशा-पोवळ्यांच्या हौदावर कोणता दिवा लावावा, यावर तुम्हा दोघांची पत्रं पाठोपाठ आली. सांगलीच्या काकांचं म्हणणं, इलेक्ट्रिकच्या दुकानातून चार फ्लडलाइट आणून टांगा आणि विषय संपवा. साताऱ्याच्या आत्यांचं म्हणणं, घ्यायचंच तर नावाजलेल्या कंपनीचं घ्या, स्वस्तातलं घेऊन मागाहून रडू नका. आणि दोघांचं मिळून म्हणणं, माशांना दिवा लागतोच कशाला, समुद्रात काय मीटर बसवलेत? इतकी एकवाक्यता आपल्या घरात जमिनीच्या वाटणीतही झाली नव्हती, त्यामुळे सविस्तर उत्तर देणं भाग आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: दिवा वॅट बघून घेऊ नये, आपल्या डोळ्यांना किती लख्ख दिसतो ते बघूनही घेऊ नये, आणि कंपनीचं नाव बघून तर मुळीच नाही. पोवळ्याच्या अंगापर्यंत त्याच्या कामाचा उजेड किती पोचतो आणि तो पोचवायला वर्षाकाठी किती पैसे जातात, एवढंच मोजावं. या मापाने सहा फुटी काचेच्या हौदावर मध्यम ताकदीचे, साधे, निळसर एलईडी दिवे चार ठिकाणी पसरून लावणं सगळ्यात परवडतं. म्हणजे काका अर्धे बरोबर आणि आत्या अर्ध्या चूक. यावर भांडण लागू नये म्हणून पुढचं सगळं.

पहिली गोष्ट, दिवा माशांसाठी नाहीच. मासे खोलीतल्या उजेडातही सुखाने जगतील. दिवा आहे तो पोवळ्यांसाठी. पोवळं हा प्राणी, पण त्याच्या मांसात सूक्ष्म शेवाळी पेशी भाड्याने राहतात. त्या उजेडावर साखर तयार करतात आणि भाडं म्हणून तिचा मोठा हिस्सा घरमालकाला देतात. उजेड कमी पडला की भाडं थकतं, मालक उपाशी मरतो. उजेड किंवा उष्णता बेसुमार झाली की मालक भाडेकरूंनाच हाकलतो आणि स्वतः पांढराफटक पडतो. आत्या, तुम्ही मंगळासाठी अंगठीत घातलेल्या लाल पोवळ्याचा दाखला देऊन विचारलंत की त्याला कुणी दिवा लावला होता. दाखला बिनतोड आहे, पण पाहुणा वेगळा आहे. दागिन्यातलं लाल पोवळं भूमध्य समुद्रात खोल, अंधाऱ्या कपारींत वाढतं. त्याच्या अंगात शेवाळ नसतंच, ते पाण्यातून येईल ते पकडून खातं. आपल्या हौदातली मंडळी उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रातली, दुपारच्या उन्हाला सोकावलेली.

आता काकांचे फ्लडलाइट. खोक्यावर लिहिलेला ल्यूमेनचा आकडा माणसाच्या डोळ्यासाठी काढलेला असतो. आपल्या डोळ्याला सगळ्यात प्रखर वाटतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-पिवळा उजेड. पोवळ्यातल्या शेवाळाला विशेष प्रिय असतो तो ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा, आणि त्या निळ्याला ल्यूमेनच्या मोजमापात सुमारे चारच टक्के वजन मिळतं. म्हणजे एखादा अस्सल निळा दिवा पोवळ्याला पोटभर जेवू घालत असला तरी खोक्यावर नापास दिसणार आणि दुकानदार तुम्हाला तो घेऊ नका म्हणणार. म्हणून या धंद्यात ल्यूमेन सोडून ‘पार’ मोजतात: ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले प्रकाशकण दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती पडतात, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारच्या निरभ्र उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास जातो. हौदातल्या मऊ पोवळ्यांना, म्हणजे छत्रीसारखी आणि कातड्यासारखी दिसणारी जी असतात त्यांना, ५० ते १०० पुरतात. मोठ्या तोंडाच्या, मांसल, कठीण सांगाड्याच्यांना १०० ते २००. फांद्यांच्या नाजूक जातींना २५० ते ३५०. यातच पहिली बचत दडलेली आहे. आधी पोवळी ठरवावीत, मग दिवा. फांदीवाल्या जातींचा हट्ट सोडला तर निम्म्या खर्चात काम होतं, आणि हट्ट असलाच तर त्या वरच्या खडकावर, बाकीची जनता खाली वाळूवर. सगळ्या हौदाला मलबार हिलचा उजेड द्यायची गरज नाही.

तरीही काकांचा मुद्दा मी पूर्ण मोडीत काढत नाही. दुकानातला पांढरा एलईडी आतून निळ्याच चिपचा असतो, वर पिवळ्या रसायनाचा थर देऊन तो पांढरा केलेला असतो. त्यामुळे त्यावरही पोवळी जगतात, वाढतातही. पण पोवळ्यांच्या अंगात निळा उजेड पिऊन हिरवा, नारिंगी, गुलाबी उजेड परत फेकणारी प्रथिनं असतात. नुसत्या पांढऱ्यात ती चमक धुऊन निघते आणि हजारो रुपयांचं पोवळं भिजवलेल्या मटकीसारखं दिसतं. शिवाय घरगुती फ्लडलाइट सहसा मंद करता येत नाही आणि त्याचा निम्मा उजेड शेजारच्या भिंतीला मिळतो. तेव्हा निळा जास्त, पांढरा चवीपुरता. दिवाणखाना गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राच्या स्टेजसारखा दिसेल ही आत्यांची तक्रार मात्र खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सोफ्यावर बसलेले पाहुणेही निळे दिसतात.

ऊन फुकट असताना दिवा कशाला, हा आक्षेप साताऱ्याच्या अंगणात बसून सुचणं साहजिक आहे. सांगलीत डिसेंबरातही मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ५० अंश वर असतो. स्टुटगार्टला त्याच दिवशी तो जेमतेम १८ अंश चढतो, तोही ढगांतून दर्शन दिलं तर, आणि दिवस सव्वाआठ तासांत गुंडाळतो. एवढ्या उन्हात इथे माणसंच पांढरी पडतात, पोवळ्यांचं काय घेऊन बसलात. आणि सांगलीचं ऊन घ्यायचं म्हटलं तर त्याच्याबरोबर सांगलीचा एप्रिलही घ्यावा लागेल. हौदातल्या पाण्याचं तापमान २४ ते २७ अंशांत लागतं. तिशी ओलांडून तिथेच राहिलं की पोवळी भाडेकरूंना नोटीस देतात. फुकटच्या उजेडासाठी पाणी गार करणारं यंत्र रात्रंदिवस चालवावं लागेल, म्हणजे चहा फुकट आणि कप विकत.

आता काकांच्या आवडीचा भाग. हौद सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे सुमारे ६८० लिटर. एके काळी जर्मनीतले हौशी लोक अशा हौदावर मेटल हॅलाइडचे दिवे लावत. जिवंत खडक, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र आणि डोक्यावर प्रखर दिवे या जोडणीला जगभर बर्लिन पद्धत म्हणून नाव मिळालं. उजेड अप्रतिम, पाण्यावर उन्हासारख्या लाटा नाचतात. पण २५० वॅटचे तीन दिवे म्हणजे ७५० वॅट. रोज दहा तास धरले तर साडेसात युनिट, वर्षाला सुमारे २,७४०. इथे युनिटला ४० सेंट धरा: जवळजवळ १,१०० युरो. शिवाय उष्णता इतकी की उन्हाळ्यात पाणी गार करायचा खर्च वेगळा. टी-५ ट्यूब पसरट, सावलीविरहित, फार समंजस उजेड देतात. पण पाच फुटी ८० वॅटच्या आठ ट्यूब म्हणजे ६४० वॅट, वर्षाला साडेनऊशे युरोंच्या घरात, आणि वर्षभरात त्या मंदावतात म्हणून बदलायच्या. त्यात युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून पाऱ्यामुळे साध्या वापराच्या या ट्यूब बाजारात आणणंच थांबवलं. जुनी फिटिंग स्वस्तात विकायला काढणारे लोक म्हणून एवढे हसतमुख असतात. एलईडीवर हेच काम ३०० वॅटमध्ये होतं. रोज तीन युनिट, वर्षाला १,०९५, म्हणजे ४३८ युरो. काका, याचे रुपये करू नका. केलेच असतील तर पाण्याचा घोट घ्या आणि पुढे वाचा. कोयनेचं धरण आमच्यासाठी बांधलंय का, असं तुम्ही लिहिलंत. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट; तिच्यावर असे ६५ लाख हौद एकाच वेळी उजळतील. आमचा एकच आहे.

राहिला कंपनीच्या नावाचा प्रश्न. इथे नामांकित दिवा आठशे युरोंच्या आसपास पडतो, या हौदाला तीन लागतात: २,४००. बिननावाचा चिनी काळा खोका शंभर-दीडशेला. चार घेतले तरी सव्वापाचशेच्या आसपास. महाग दिवा वीज जास्त चांगली वापरतो हे कबूल. ही बचत पंधरा टक्के धरू, तरी वर्षाला ६६ युरो वाचतात आणि वरचे सुमारे १,८७५ युरो भरून निघायला २८ वर्षं लागतात. तोवर दिवा टिकला तरी मोबाइलवरून त्याचा रंग बदलणारं ॲप टिकणार नाही, आणि महाग दिव्याच्या किमतीतला मोठा भाग त्या ॲपसाठीच असतो. सकाळी कृत्रिम सूर्योदय, दुपारी कृत्रिम ढग, रात्री चंद्राच्या कला, हवं तर गडगडाटासह वीज. पोवळ्याला जगायला-वाढायला यातलं काही लागत नाही. ते सगळं मालकाच्या करमणुकीसाठी. साधा टायमर पुरतो. आत्या म्हणतील, स्वस्त दिवा बिघडेल. बिघडेलच. पण बिघडतो तो बहुतेक वेळा पंखा किंवा विजेचा छोटा ड्रायव्हर, आणि डाग द्यायची सळई गरम करता येणाऱ्या माणसाला दोन्ही बदलता येतात. शिवाय चारांतला एक बंद पडला तर तीन चालू राहतात. तिनांतला एक गेला तर हौदाचा एक तृतीयांश भाग अंधारात.

आणि चार दिव्यांचा खरा फायदा तर पुढेच आहे. एकाच प्रखर दिव्याखाली पार मोजणारा मापक बुडवला तर बरोबर खाली ३०० दाखवतो आणि हातभर बाजूला ८०. खडकाच्या मागे तर मध्यरात्र. वर दिसायला झगमगाट, खाली निम्मी पोवळी उपाशी. अशा वेळी माणूस दिव्याची ताकद वाढवतो. मग मधली भाजतात आणि कडेची तशीच उपाशी राहतात. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली काचकारखाना सुरू झाला आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघर गेला. तो वापरलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही, की वात भसाभस वर केली तर उजेडाआधी काजळी वाढते. आमच्याकडे काजळीच्या जागी मीठ. बुडबुडे फुटून उडालेले तुषार दिव्याच्या भिंगावर वाळतात, पांढरी खरपुडी धरते, आणि उजेडाचा चांगलाच भाग तिथेच अडतो. गोड्या पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं आठवड्याला एकदा फिरवणं हा जगातला सगळ्यात स्वस्त दिवा आहे. नवे दिवे सुरुवातीला तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवून काही आठवड्यांत चढवत न्यायचे, म्हणजे पोवळ्यांना सवय होते. मापक विकत घ्यायला महाग, पण भाड्याने मिळतो, आणि एकदा वाळूवर वीतभर अंतराने फिरवून आकडे टिपले की पुन्हा लवकर लागत नाही.

काटकसर करायची नाही ती एकाच ठिकाणी. खारं पाणी आणि वीज यांची सोयरीक वाईट. अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारा स्विच, आणि वायरला प्लगच्या आधी खाली झोळ, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत जाण्याआधी तिथून टपकेल. स्वस्त खोक्याचं झाकण उघडून आतलं अर्थिंग खरंच जोडलंय का ते बघावं. हे काम नामांकित कंपनी करून देते आणि तिच्या किमतीतला तेवढा भाग वाजवी आहे, असं आत्यांच्या बाजूने नोंदवतो. जाता जाता, लाइटबिलाचा चोर नेहमी दिवाच नसतो. ५० वॅटचा पंप चोवीस तास चालला की १.२ युनिट खातो, म्हणजे दहा तास जळणाऱ्या १२० वॅटच्या दिव्याइतकंच. किर्लोस्करवाडी ज्यांच्या जिल्ह्यात आहे त्यांना पंपाची गोष्ट मी काय सांगावी.

काका, पत्राच्या शेवटी तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की हे एवढ्यात होत असेल तर सांगलीतही एक हौद काढावा म्हणता. मासे पाळा, पण पोवळ्यांना हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये खडक बांधणारी सगळी कठीण पोवळी, काळी पोवळी आणि समुद्रपंखे त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे कायद्याच्या लेखी ती वाघाच्या पंगतीत बसतात. कुणी ‘ओळखीतून’ आणून देतो म्हणाला तर त्याच्याशी ओळख विसरावी. इथली पोवळी परवानगीने आलेल्या मुळातून हौदातच वाढवलेली, फांदी तोडून एकमेकांना दिलेली असतात आणि त्यांचे कागद जपून ठेवावे लागतात. तुम्हाला बघायचीच असतील तर मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात ती आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि तिथल्या दिव्याचं बिल कुणाला येत नाही.

दिवे दुपारी बारा ते रात्री दहा चालू असतात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात तुमचे दुपारी साडेतीन ते रात्री दीड. व्हिडिओ कॉल त्या वेळात केलात तर आम्ही निळे दिसू. प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. आत्या, साताऱ्याचे कंदी पेढे पाठवू नका, दुधाचे पदार्थ इथले कस्टमवाले आत सोडत नाहीत आणि ते डब्यासकट फेकून देताना बघवणार नाही. काका, भडंगाला अशी बंदी नाही. दोन किलो पाठवा, जास्त तिखट.

तुमचा,
धाकटा