आग्रहाची शस्त्रक्रिया

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा करताना वैद्यकशास्त्र शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि रुग्ण या चौघांची कर्तव्ये तपशिलाने सांगते. रुग्णाचा मित्र या पाचव्या घटकाविषयी मात्र ते जवळजवळ मौन बाळगते. वास्तविक यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या तालुक्याच्या गावी हा बेत प्रथम मित्राच्याच कानी घातला जातो, आणि तो "कोणाले सांगू नको" या अटीवर घातला जात असल्यामुळे संध्याकाळच्या आत पानठेल्यावर पोहोचतो. तेथे जिरेपाणी, लिंबू-मध आणि पहाटेचे फिरणे या उपायांची शिफारस अशी मंडळी करतात, ज्यांनी स्वतः यांपैकी एकही उपाय केलेला नसतो.

मित्राची पहिली कसोटी अंकगणिताची असते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्याला बीएमआय म्हणतात, आणि आरोग्यविम्यातून खर्च मिळण्यासाठी तो साधारणपणे 40, किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याची तीव्र व्याधी यांसारखी जोड असल्यास 35 असावा लागतो. आता 165 सेंटीमीटर उंचीच्या गृहस्थाचे वजन जपमाळेला शोभेल असे 108 किलो भरले, तर हा आकडा 39.7 येतो, आणि ज्याला जन्मभर जास्त वजनाबद्दल ऐकावे लागले त्याच्यावर वजन कमी पडल्याबद्दल हळहळण्याची पाळी येते. अशा वेळी ही तूट जिलबीने भरून काढण्याच्या मोहापासून त्याला परावृत्त करणे, हे मित्राचे आद्य कर्तव्य ठरते.

दुसरी कसोटी पुराव्याची असते, कारण "चांगल्या पोटावर सुरी कायले?" या घरच्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला वैद्यकीय नियतकालिकातील लेख हे उत्तर होत नाही. विदर्भात यासाठी नागपूरच्या नितीन गडकरींचा दाखला दिला जातो. 2011 साली, भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, त्यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली होती. राष्ट्रीय अध्यक्षपद सांभाळून जे जमते ते किराणा दुकान सांभाळून जमण्यास हरकत नसावी, हा युक्तिवाद तर्कशास्त्रात बसत नसला तरी बैठकीत चालतो.

शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. 'स्लीव्ह' या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्यासारखी नळी शिल्लक ठेवतात, तर 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला पळी-दोन पळी तीर्थ मावेल एवढी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. भूक चेतवणारे ग्रेलिन नावाचे संप्रेरक, म्हणजे शरीरातील निरोप्या रसायन, प्रामुख्याने जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये तोच भाग काढला जात असल्याने भूक मंदावते. आग्रह मात्र रुग्णाच्या शरीरात तयार होत नाही. तो वहिनी, मावशी, व्याही आणि वाढपी यांच्या ठायी तयार होत असल्यामुळे, तो काढून टाकण्याची सोय नागपूरच्या कोणत्याही शस्त्रक्रियागृहात नाही.

म्हणूनच मित्राची खरी कामगिरी टाके निघाल्यावर सुरू होते. आधी पातळ, मग घोटलेले, मग मऊ अन्न असा कित्येक आठवड्यांचा क्रम, घासागणिक दीर्घ चर्वण, जेवताना पाणी वर्ज्य आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, हे सारे नियम शेतातल्या रोडगे-वांग्याच्या पार्टीत आणि महाप्रसादाच्या पंगतीत पाळायचे असतात. तेथे "एकानं काय होते, भाऊ?" हा प्रश्न उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारला जातो, आणि बायपासनंतर गोड पदार्थ आतड्यात झपाट्याने उतरला तर घाम, धडधड आणि जुलाब होऊ शकतात, म्हणजे जे व्हायचे ते एकानेच होते, हे शास्त्रीय उत्तर पंगतीत देता येत नाही. शहाणा मित्र व्याख्यान न देता शेजारचे पान धरतो आणि वाढप्याची पाठ वळताच जिलबी स्वतःच्या पानात ओढून घेतो. परिणामी दोघांच्या वजनाची बेरीज फारशी बदलत नाही, फक्त तिची वाटणी बदलते.

कळंबात मैत्रीच्या या शास्त्राची प्रयोगशाळाही उपलब्ध आहे. येथील चिंतामणी गणेशाचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून दर्शनाला पायऱ्या उतरून जावे लागते, आणि तेथील कुंडात स्नान केल्याने शापाने विद्रूप झालेल्या इंद्राची काया पूर्ववत झाली, अशी कथा सांगतात. इंद्राला ना बीएमआय काढावा लागला ना विम्याचा अर्ज भरावा लागला. शिवाय पोट कमी व्हावे म्हणून लंबोदराला साकडे घालण्याचा संकोचही त्याला नव्हता. मर्त्य भक्ताला मात्र दर्शनानंतर त्याच पायऱ्या चढाव्या लागतात. शस्त्रक्रियेपूर्वी तो मधेच थांबतो, तेव्हा त्याला दम लागल्याचे लक्षात आलेच नाही असे दाखवून मित्र मंदिराच्या दगडी बांधकामाचे निरीक्षण करू लागतो. वर्षभरानंतर याच ठिकाणी वर पोहोचलेला गृहस्थ मागे वळून पाहतो, तो मित्र निम्म्या वाटेवर धापा टाकत उभा असल्याचे त्याला दिसते, आणि अकस्मात त्यालाही मंदिराच्या दगडी बांधकामात कमालीचे स्वारस्य उत्पन्न होते.