हा साडी घ्या, ताई

आमच्या बदलापुरात फ्रेंच येणारी माणसं थोडी, आणि फ्रेंचवाचून ज्यांचं अडलंय अशी त्याहून थोडी. त्यामुळे मी रसायनशास्त्र शिकायला मार्सेयला जाणार हे कळल्यावर सोसायटीत पहिला प्रश्न आला तो, "तिथलं रसायनशास्त्र आपल्यापेक्षा वेगळं असतं का गं?" असा. विचारणारे काका एमआयडीसीत शिफ्ट इनचार्ज होते. रात्री गॅलरीत उभं राहून नुसत्या वासावरून कुठल्या प्लॉटवर काय शिजतंय ते सांगायचे. त्यांच्यापुढे कुठलं विद्यापीठ टिकणार?

शिकवणार होते फ्रेंचमधून. त्यासाठी 'डेल्फ बी-टू' नावाची परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० मिळवले की पास, फक्त कुठल्याही विभागात ५ च्या खाली घसरायचं नाही. म्हणजे ऐकण्यात २५ पैकी ६ पडले तरी बाकीच्या जोरावर माणूस फ्रेंच जाणणारा ठरतो. समोरचा काय बोलतोय एवढंच त्याला कळत नाही. असे नवरे आपल्याकडे घरोघर आहेत, पण त्यांना कोणी प्रमाणपत्र देत नाही.

क्लास न्यू मरीन लाइन्सला, अलियाँस फ्रान्सेजमध्ये. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, म्हणजे अभ्यासाला वेळच वेळ. लेडीज डब्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये एक काकू रोज मटार सोलत, दुसऱ्या अथर्वशीर्ष म्हणत आणि मी क्रियापदं चालवत असे. 'ज स्वी, त्यू ए, इल ए.' विठ्ठलवाडीपर्यंत वर्तमानकाळ, ठाण्यापर्यंत भूतकाळ. इच्छा, शंका आणि भीती व्यक्त करायला फ्रेंचमध्ये क्रियापदाचं निराळंच रूप आहे. लोकलने जाणाऱ्याला ते अवघड जाऊ नये. मटारवाल्या काकूंना 'त्यू' म्हणजे अगं आणि 'व्हू' म्हणजे अहो हे एका स्टेशनात समजलं. पुढे त्या सीट न सोडणाऱ्या बायकांना उद्देशून 'त्यू ए, त्यू ए' म्हणत. वाक्य अपुरं असायचं, पण अर्थ पोचायचा.

आई अभ्यासाबद्दल निर्धास्त होती. बाबांना मात्र माझ्या फ्रेंचची खरी काळजी. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. मार्सेय हे गाव त्यांच्या लेखी 'मार्सेलिस' आणि त्याचा इतिहास एका उडीपुरता. ८ जुलै १९१०, मोरिया बोट, सावरकर. "पोहून किनारा गाठला, धावले, शिपाई भेटला. त्याला वाटलं बोटीवरचा कोणी खलाशी पळतोय. दिलं परत इंग्रजांच्या ताब्यात! प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं, १९११ मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. तेव्हा तू नीट बोलायला शीक." माझा उडी मारण्याचा विचार नव्हता, पण वडिलांच्या शब्दाला मान असतो.

प्रत्यक्ष मार्सेयला पोचल्यावर मी मितभाषी मुलगी म्हणून प्रसिद्ध झाले. हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की बाबांना पाणी आणायला धावावं लागलं. मी गप्प असण्याचं कारण साधं होतं. फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी, आणि नपुंसकलिंगाची आपल्यासारखी सोय नाही. प्रत्येक नामाआधी 'ल' की 'ला' हे ठरवायचं. पावाच्या दुकानात शिरल्याशिरल्या 'बाँजूर' म्हणायचं, ते मी म्हणत असे. त्यावाचून तिथे माणसाला माणसात धरत नाहीत. पण 'बाँजूर'नंतर माझ्या डोक्यात लिंगनिर्णय सुरू व्हायचा, आणि तो होईपर्यंत मागचे दोघे पाव घेऊन घरी पोचलेले असायचे.

या आजारावरचं औषध उल्हासनगरात होतं हे मला फार उशिरा सुचलं.

उल्हासनगर म्हणजे मूळची कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. अजूनही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर सांगतात. घर, शेत, दुकान सगळं सिंधमध्ये टाकून आलेल्या त्या माणसांना मराठी शिकवायला कोणी क्लास काढला नव्हता. विकायचं होतं, म्हणून बोलायला लागले. आमच्या घरची सगळी लग्नं कॅम्प दोनच्या गजानन मार्केटवर पार पडलेली आहेत. तिथला आमचा ठरलेला दुकानदार गादीवर मांडी घालून एकेक घडी उलगडत म्हणायचा, "हा साडी घ्या, ताई. ह्याची रंग जाणार नाय. गेला तर माझा तोंडावर आणून फेका."

एका दमात तीन ठिकाणी लिंग घसरलं, पण माणूस घसरला नाही. आई मराठीची शिक्षिका. तिने तिथे एकदाही लाल पेन काढलं नाही; उलट तीन साड्या काढल्या.

मेमधल्या एका शनिवारी हा दुकानदार मला आठवला. मिस्त्राल नावाचा तिथला बोचरा वारा पडला होता, ऊन छान होतं, आणि मी जुन्या बंदरावर मासळीबाजारात उभी होते. तिथे वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टरने २०१३ मध्ये उभारलेलं चकचकीत पोलादाचं मोठं छत आहे. खाली उभं राहून वर पाहिलं की आपण उलटे लटकलेले दिसतो. मी वर पाहिलं. उलटी लटकलेली मी हातात कापडी पिशवी घेऊन होते, पिशवीवर अंबरनाथच्या सराफाचं नाव होतं, आणि एकंदर ध्यान फ्रेंच व्याकरणाला घाबरणाऱ्यातलं अजिबात वाटत नव्हतं.

बंदरावरच्या कोळणी काही तशा शांत नाहीत. बदलापूरच्या मासळीबाजारातल्यांशी त्यांची गळाभेट घडवली तर भाषेवाचून दोघींचं जमेल. तारल्यांची रास होती. मी "बाँजूर" म्हटलं आणि एक तारली उचलून तिचे कल्ले उघडून पाहिले. लालभडक. कोळणीने कमरेवर हात ठेवले. मी म्हटलं, "ही डोळ्याने ताजी आहे, पण ती मागची कालची आहे." या वाक्यात 'ल' आणि 'ला' कुठे कुठे पडले ते मला आजही माहीत नाही. तिने मागची तारली पाहिली, मला पाहिलं, आणि 'कुठली गं तू?' असं विचारलं. थेट 'त्यू'! अगं-तुगंवर येणं म्हणजे घरात घेणंच.

"मुंबईजवळची."

"मुंबईची?"

"छे, बदलापूरची. मुंबईत फक्त कामाला जायचं."

हे तिला तत्काळ पटलं. मार्सेयकरांचं पॅरिसशी असंच आहे. सगळे हुकूम तिथून सुटतात आणि फुटबॉलची मॅच असली की सगळा हिशेब चुकता करायचा असतो. अर्धा किलो तारल्या कागदात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "जपून ने हं. हिच्या एका बहिणीने अख्खं बंदर अडवलं होतं."

आता, मार्सेयवाले थापाडे म्हणून फ्रान्सभर प्रसिद्ध आहेत, आणि सार्डिनने, म्हणजे तारलीने, बंदर अडवलं ही त्यांची सर्वांत गाजलेली थाप. मुळात १७८० साली बंदराच्या तोंडाशी बुडालं ते जहाज, नाव 'सार्तिन', फ्रान्सच्या नौदलमंत्र्याच्या नावावरून. लोकांनी एक अक्षर फिरवून त्याचा मासा केला. ही गोष्ट आमच्या मुंबईच्या क्लासमधल्या मॅडमनी सांगितली होती, आणि तिचं शेपूट मला नेमकं लक्षात होतं. पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली तेव्हा पकडलेले फ्रेंच कैदी मायदेशी आणायला ते जहाज निघालं होतं.

"माहितीये," मी म्हटलं. "ती आमच्याकडूनच आली होती. तुमचं बंदर आम्ही अडवलं."

एक क्षण काही झालं नाही. मग कोळीण अशी हसली की शेजारच्या तीन टेबलांवरचे लोक वळले. तिने त्यांना माझं वाक्य ऐकवलं. त्यांनी पलीकडच्यांना. मी फ्रेंचमध्ये केलेला पहिला विनोद बंदराच्या कडेकडेने लांब जाताना मला ऐकू येत होता, आणि दर टेबलागणिक त्यातले आम्ही अडवलेले दिवस वाढत होते. पिशवीत चार तारल्या जास्तीच्या पडल्या. विद्यापीठाने दिलेल्या कुठल्याही गुणांनी मला एवढं फुगवलेलं नाही.

त्याच भरात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. "उडी कुठे मारली ते दाखव." मोरिया नेमकी कुठे उभी होती ते मला ठाऊक नाही, म्हणून मी दर वेळी हाताला येईल तो समुद्र दाखवते. त्या दिवशी बाबांनी पर्यटकांच्या पांढऱ्या बोटीला मनोभावे हात जोडले. बोटीवरच्या एका आजोबांनीही टोपी काढली.

मग नोआय. बंदरापासून चढ चढून गेलं की हा बाजार लागतो. अल्जेरिया, ट्युनिशियाकडून आलेल्यांची दुकानं, पुदिन्याच्या जुड्या, ऑलिव्हची पिंपं, मसाल्यांचे ढीग, आणि चालायला जागा नाही. म्हणजे घरी आल्यासारखंच. बेसनाची इथे कधी चिंता नसते, कारण हरभऱ्याच्या पिठाची पानिस नावाची वडी मार्सेयकर स्वतःच तळून खातात. मी टोमॅटो घेतले, कांदे घेतले, मिरच्या घेतल्या. भाजीवाल्याने हिशेब केला. मी पैसे काढले नाहीत. पिशवी उघडी धरली आणि ज्या सुरात ते आमच्याकडे विचारतात त्याच सुरात विचारलं, "ए ल कोरियांद्र?" आणि कोथिंबीर?

"एक युरो."

मी काही बोलले नाही. टोमॅटोची पिशवी हळूच परत ठेवली आणि पाऊल वळवलं. वळल्यावर मागे बघायचं नाही, हा गजानन मार्केटचा पहिला नियम. दुसरं पाऊल पडायच्या आत मागून हाक आली. भाजीवाला हसत होता. आपल्या आईची आठवण झाली म्हणाला. तीही असंच करते. त्याने जुडी पिशवीत खोचली आणि वर म्हणाला, "पण 'ला' कोरियांद्र, 'ल' नाही." कोथिंबीर फुकट, व्याकरणही फुकट.

संध्याकाळी हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात तारल्या तळल्या. वासाने खालच्या मजल्यावरचा इटालियन आणि वरच्या मजल्यावरची व्हिएतनामी मुलगी आपापल्या ताटल्या घेऊन हजर झाले. तिघांचं फ्रेंच तीन तऱ्हेचं होतं, पण काट्यांपर्यंत काही उरलं नाही.

रात्री आईला सगळं सांगितलं. विनोदावर ती नुसतं "हं" म्हणाली, तारल्या महाग घेतल्यास म्हणाली. कोथिंबिरीपाशी मात्र थांबली. "काय म्हणालीस तू त्याला? परत सांग." मी सांगितलं. तिने वहीत देवनागरीत लिहून घेतलं, दोनदा म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने बदलापूर स्टेशनबाहेर नेहमीच्या भाजीवाल्यावर तो प्रयोग केला. पिशवी उघडी धरून म्हणाली, "ए ला कोरियांद्र?" त्याने कोथिंबीर दिली, वर एक लिंबू टाकलं आणि अदबीने विचारलं, "काकू, तुम्ही सिंधी कधीपासून बोलायला लागलात?"