टिलरमागचा माणूस

पावसाच्या तोंडावर कोकणातल्या खाचरात पॉवर टिलर उतरला की बांधावर सल्लागार मंडळ भरतं. ट्रॅक्टरला माणूस बिचकतो. टिलर पडला जेमतेम कमरेएवढा, त्याला कोण भिणार? शिवाय चालवायचा म्हणजे त्याच्यामागून चालायचं, आणि चालता तर सगळ्यांनाच येतं! फिरती पाती आणि आपली पावलं यांच्यात अंतर किती उरतं, हा हिशेब मात्र कुणी करत नाही. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ साली वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांचे प्रयोग सुरू केले, ते ढेकळं फोडायला. ढेकूळ कुठलं आणि चप्पल कुठली, हे पात्यांना आजही कळत नाही.

डिझेल टिलर बहुधा हँडल मारून सुरू करतात. जाणता गडी हँडल धरताना अंगठा दांड्याभोवती वेढत नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवतो. इंजिनाने उलटा झटका दिलाच, तर हँडल हातातून निसटतं, अंगठा शाबूत राहतो. नवा माणूस कसलेला की हौशी, ते या अंगठ्यावरून ओळखावं.

खरी गंमत वळणाची. मुठींखाली दोन बाजूंना दोन क्लच असतात. सपाटीवर उजवा दाबला की उजव्या चाकाची ओढ सुटते आणि टिलर उजवीकडे वळतो. उतारावर नेमकं उलटं. सुटलेलं चाक मोकळं धावतं, दुसऱ्याला इंजिन आवरून धरतं, आणि स्वारी निघते डावीकडे. आमच्या वाडीत एक पुतण्या टिलर घेऊन उताराने खाली येत होता. "उजवा दाब रे, उजवा!" डाव्या अंगाला उभे राहून काका ओरडले. त्याने आज्ञा पाळली. टिलर थेट काकांच्या रोखाने. गुडघे दुखतात म्हणून लावणीला न वाकणारे काका एका ढांगेत बांधापलीकडे! वर म्हणतात, "यंत्रच डावखुरं आहे." उतारावर वेग कमी ठेवावा आणि हे क्लच न दाबता मुठींनीच टिलर वळवावा, हे त्यांना आता कोण सांगणार?

याहून वाईट खोड रिव्हर्सची. टिलर मागे येतो तो आपल्याच अंगावर, आणि पाठीशी बांध नाही तर माड असतो. म्हणून आधी पाती बंद करावीत, मागे बघावं, मगच गिअर टाकावा. काही छोट्या यंत्रांना मूठ सोडताच पाती थांबवणारा दांडा असतो. हात अवघडतो म्हणून तो सुतळीने बांधून ठेवणारे महाभागही आहेत. त्यांच्यापुढे हॉवर्डसाहेबही हात टेकतील.

पात्यांत वेल, सुंभ, कुणाची जुनी साडी अडकणारच. तेव्हा इंजिन बंद करा, पेट्रोलचं असेल तर प्लगची टोपी काढा, पाती थांबलेली डोळ्यांनी बघा आणि मग हात घाला. टिलर तासाच्या भाड्याने आणलेला असला, तरीसुद्धा.