छोट्या सरकारांची स्वारी

निजामाच्या अमदानीत जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास अव्वल तालुकदार म्हणत, आणि हा अव्वल तालुकदार दौऱ्यावर निघाला म्हणजे त्याच्या तंबूंची, घोड्यांच्या दाण्याची आणि सोबतच्या पेशकाराच्या मर्जीची बेगमी करताना वाटेवरच्या गावांची कशी त्रेधा उडत असे, याच्या हकिगती सांगणारी वृद्ध मंडळी परभणी जिल्ह्यात आता फारशी उरलेली नाहीत. १९४८च्या सप्टेंबरात ती राजवट संपली, तालुकदाराचा कलेक्टर झाला, आणि स्वारी नावाचा प्रकार या मुलखातून कायमचा हद्दपार झाला अशी आमचीही समजूत होती. परंतु अलीकडे गावोगाव एक नवे सरकार नांदू लागले आहे. उंचीने बुटके, रुंदीने आटोपशीर, अश्वशक्तीने पंधरा-अठरा आणि नावाने मिनी ट्रॅक्टर, अशा या छोट्या सरकारांस ठरावीक तास भरले की सर्व्हिसिंगसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जातीने रुजू व्हावे लागते. आणि त्या निमित्ताने जी स्वारी निघते, तिच्यापुढे अव्वल तालुकदाराचा दौरा ही खासगी सहल वाटावी.

या यंत्राच्या गुणांविषयी आमच्या मनात किंचितही अनादर नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. कापसाच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर घालणे म्हणजे पिकावर वरवंटा फिरवणे. तेथे हा बुटका गडी फांदीला धक्का न लावता कोळपणी करतो, हळदीत शिरतो, मोसंबीच्या बागेत झाडाखालून वाकून जातो, आणि संध्याकाळी वैरण न मागता उभा राहतो. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही आणि परवडला तर दुसऱ्या दिवशी येत नाही, अशा काळात त्याचे आगमन हा ईश्वरी संकेत मानणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. शासनासही त्याचे महत्त्व पटलेले आहे. समाजकल्याण खात्याच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांस ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, आणि त्याबरोबर कल्टिव्हेटर अथवा रोटाव्हेटर व ट्रेलर ही उपसाधने, अशा साडेतीन लाखांच्या खरेदीवर ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये अनुदान मिळते. गटाने स्वतःचे भरायचे ते केवळ ३५ हजार. योजना उत्तम आहे आणि ती ज्यांच्यासाठी आहे त्यांना तिची गरजही आहे. फक्त एवढेच, की खरेदीच्या त्या सविस्तर तपशिलात खरेदीनंतर यंत्र चालू ठेवण्याचा विचार कोठे आढळत नाही. सरकारदरबारी वस्तू देण्याचा समारंभ असतो, फोटो असतो, मंत्रिमहोदयांच्या हस्ते चावी असते. तेल बदलण्याचा समारंभ करण्याची प्रथा अद्याप पडलेली नाही.

आता या स्वारीचे मुहूर्तशास्त्र पाहू. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिसिंग साधारणतः ५० तासांवर असते, आणि तिला शास्त्राधार भक्कम आहे. नवे इंजिन चालू लागले की आतले भाग एकमेकांवर घासून बसतात, त्या घर्षणात धातूचे सूक्ष्म कण सुटून तेलात उतरतात, आणि ते तेल वेळीच काढले नाही तर तेच कण पुढे इंजिनाचा घास घेतात. शिवाय कंपनीची वॉरंटी सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यावर अवलंबून. शिक्का चुकला की हमीही चुकली. हे सारे मान्य. परंतु शेतकरी ट्रॅक्टर घेतो तो पेरणीच्या तोंडावर, मृगाच्या आगेमागे, आणि पेरणीत तो दिवसाला सहा-सात तास सहज चालतो. म्हणजे आठवडाभरात हे पन्नास तास पुरे होतात, आणि ते पुरे होण्याचा दिवस नेमका तोच असतो, ज्या दिवशी रात्रीचा पाऊस थांबून, ऊन पडून, रानाला वाफसा आलेला असतो. आमच्या काळ्या रानाचा वाफसा हा मोठा मानी पाहुणा आहे. आदल्या दिवशी पाऊल टाकावे तर चिखल गुडघ्यास भेटतो, चार दिवसांनी टाकावे तर ढेकूळ पायास लागते. मधले दोन दिवस तो येतो, आणि त्या दोन दिवसांत जो पेरील त्याचेच पेरलेले उगवते. अशा वेळी एका बाजूस वाफसा आणि दुसऱ्या बाजूस वॉरंटी, या दोन दरबारांमध्ये आमचा बळीराजा डोक्याला हात लावून उभा असतो.

निवड बहुधा वॉरंटीची होते, कारण वाफसा बुकात शिक्का मारीत नाही.

मग प्रवास. काही कंपन्यांची दुकाने तालुक्याच्या ठिकाणीही आहेत; परंतु सृष्टीचा असा काही नियम दिसतो की ज्या कंपनीचे दुकान तालुक्याला आहे तिचा ट्रॅक्टर शेजाऱ्याकडे असतो, आणि आपल्या कंपनीचे दुकान थेट परभणीला. जिंतूरच्या वरच्या अंगाचे एखादे गाव घ्या. तेथून जिंतूर, जिंतूरहून बोरी, बोरीहून झरी आणि झरीहून परभणी, हा मार्ग पन्नास-साठ किलोमीटरांचा. आणि छोट्या सरकारांची सडकेवरची चाल, मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकचे आशीर्वाद घेत घेत, ताशी वीस किलोमीटरांची धरली तरी जायला तीन तास आणि यायला तीन तास. तिकडे तासमापक काट्यास चाक कापसात फिरते आहे की डांबरावर, याचे सोयरसुतक नसते. इंजिन फिरले की तास पडला. म्हणजे पन्नास तासांची सर्व्हिसिंग करून घेण्यात सहा तास खर्ची पडतात, ते पुढच्या सर्व्हिसिंगच्या खात्यावर जमा होतात, आणि अशा रीतीने सर्व्हिसिंगला जाण्यानेच सर्व्हिसिंगची पुढली तारीख जवळ येते. कर्जाच्या व्याजाखेरीज इतकी स्वयंपूर्ण व्यवस्था आम्ही दुसरी पाहिलेली नाही.

गावातून निघतानाच स्वारीची वार्ता फुटते. ट्रॅक्टर सकाळी रानाकडे न वळता सडकेला लागला, की पारावरून हाक येते.

"काय मामा, सवारी कुनीकडं?"

"परभनीला. सर्विसिंग हाय."

"मंग ट्राली लावा की! सोयाबीनचे धा पोते मोंढ्यात टाकू."

"न्हाई बा. शोरूमवाल्यानं ट्राली आनू नका म्हनून सांगितलंय."

"मंग निदान मोटर तरी न्या, वायंडिंगला. पायापाशी बसती की."

पायापाशी विहिरीची मोटार बसते, मांडीवर बॅटरी बसते, मडगार्डावर भाचा बसतो, आणि मडगार्डावर माणूस बसविणे कायद्याला मान्य नाही ही गोष्ट फक्त कायद्याला आणि भाच्याच्या आईला ठाऊक असते. एवढा सरंजाम घेऊन एमएच २२ क्रमांकाची ही स्वारी डांबरी रस्त्यास लागते. त्या रस्त्याविषयी जास्त लिहीत नाही. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरच्या डांबरास दोन्ही ऋतूंत आपल्या मताप्रमाणे वाकविते. ठेकेदार बदलले, पक्ष बदलले, पण मातीने आपले मत बदललेले नाही.

परभणीस पोहोचल्यावर जे दृश्य दिसते त्यात या सगळ्या व्यवहाराचे मर्म आहे. शोरूमला दोन दारे असतात. पुढले काचेचे, विक्रीचे. मागले पत्र्याचे, सर्व्हिसिंगचे. ट्रॅक्टर घेतला त्या दिवशी याच मालकास पुढल्या दाराने सन्मानाने आत नेले होते, गार पाणी दिले होते, बोनेटवर झेंडूचा हार घालून आणि नारळ फोडून त्याची छबी काढली होती, आणि "या मालक, बसा मालक" असे म्हणणारा एक तरुण त्याच्या पाठीमागे सावलीप्रमाणे वावरत होता. आज तोच मालक मागल्या दाराशी उभा असता तोच तरुण मान वर न करता विचारतो, "चेसिस नंबर?" मालकी तीच, माणूस तोच, ट्रॅक्टर तोच; मधल्या काळात झाले एवढेच की पैसे पोहोचले. जॉबकार्ड भरले जाते. रिकाम्या तेलाच्या डब्यावर बसण्याची मुभा मिळते. आणि मग तपशील हळूहळू उलगडू लागतो: फिल्टर शिल्लक नाही, तो नांदेडहून निघाला आहे, शिक्का साहेबांच्या कपाटात आहे आणि साहेब मीटिंगला आहेत, मेकॅनिक सकाळीच फिल्डवर गेला आहे. फिल्डवर म्हणजे कोठे, अशी पृच्छा केली असता कळते की जिंतूरकडे एका गावात कोणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडला, म्हणून तो मोटारसायकलवर तिकडे गेला आहे. म्हणजे झरीच्या अलीकडे पलीकडे कोठे तरी, एक मेकॅनिक गावाकडे आणि एक ट्रॅक्टर मेकॅनिककडे, असे हे दोघे परस्परांस ओलांडून गेले, आणि एकाने दुसऱ्यास हॉर्न देऊन वाटही दिली.

दुपार टळल्यावर तो परततो. आणि मग, हे मात्र प्रांजळपणे सांगितले पाहिजे, पाहण्यासारखे काही घडते. तो खाली सरकतो, पान्याने तळाचा नट फिरवितो, आणि काळसर तेलाची धार परातीत पडू लागते. तो त्यात बोट बुडवितो, अंगठ्याशी चोळतो, उन्हात धरतो. बोटावर चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक दिसते. "हे बगा, हेच काडायचं असतं," एवढेच म्हणतो. नव्या फिल्टरच्या रबरी कड्यास नवे तेल लावून तो हाताने आवळतो, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहतो, क्लचच्या पेडलला किती मोकळीक आहे ते पायाने जोखतो, एअर क्लीनरची वाटी काढून त्यातल्या तेलाखाली बसलेला चिखल पुसून टाकतो, आणि धूळ असेल त्या दिवसांत हे घरीच रोज पाहत जा म्हणून बजावतो. जाणता कारागीर आहे. सगळे काम मिळून पाऊण तासाचे. त्यासाठी एक वाफसा, सहा तासांचे डिझेल, एक भाचा आणि एक अख्खा दिवस खर्ची पडलेला असतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. एक उपाय म्हणजे ट्रॅक्टर पिकअपमध्ये चढवून नेणे. ओढण्यासाठी जन्मास आलेले वाहन दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर, दोरांनी जखडून, शहरात प्रवेश करते, तेव्हा त्याच्या मुद्रेवरचे भाव पाहवत नाहीत. भाडे तर ऐकवत नाही. दुसरा उपाय सरकारने केला आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, आणि ट्रॅक्टरचे टायर व सुटे भाग यांवरचा १८ वरून ५ वर आला. आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु नांदेडहून निघालेला फिल्टर कर कमी झाल्याने लवकर पोहोचतो, असा अनुभव अजून कोणी सांगितलेला नाही.

येथे बैलांची आठवण निघणे अपरिहार्य आहे, आणि ती काढताना गहिवरून येण्याची आमची मुळीच इच्छा नाही, कारण बैल हाकण्यात ज्यांच्या आयुष्याची माती झाली त्यांना विचारावे. मुद्दा व्यवस्थेचा आहे. लाल कंधारीची जोडी सडकेवर चालून खूर झिजवी, तेव्हा तिच्या पायांस पत्री मारण्याकरिता कोणी तिला पन्नास किलोमीटर हाकत नेत नसे. नालबंद आठवडी बाजारास येई, झाडाखाली दोर टाकून बैल आडवा पाडी, आठ खुरांना पत्र्या ठोकी, आणि आपला बाजार करून घरी जाई. औत मोडले तर सुतार गावातच, फाळ बोथटला तर भाता गावातच, आणि पोळ्याच्या आदल्या सांजेस खांदेमळणी तर घरच्याच हाताने. बलुतेदारीत जाच होता, मान आणि दाणा दोन्ही सारखे वाटले जात नव्हते, ती गेली हे बरेच झाले. पण कारागिराने कामापाशी यावे, हे तिच्यातले एक कलम मात्र तिच्याबरोबर फुकट फेकले गेले. परभणीस वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभे आहे, आणि तेथे पशुशक्तीच्या योग्य वापरावर संशोधनाची स्वतंत्र योजना आहे. बैलाची शक्ती औतात कशी कारणी लागेल याचा विचार करणारे विद्वान ज्या शहरात बसतात, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकास अठरा अश्वशक्ती पत्र्याच्या शेडखाली दिवसभर स्वस्थ उभी असते, ही घटना संशोधनास योग्य आहे असे नम्रपणे सुचवितो.

विक्रेत्यांवर सगळा दोष लादणे न्यायाचे होणार नाही. एका दुकानात दोन मेकॅनिक, नऊ तालुके, आणि मोसमात सगळ्यांचे पन्नास तास एकाच आठवड्यात भरतात. तेही माणसेच आहेत. काही कंपन्या अधूनमधून गावात शिबिरे भरवितात, मंडप घालतात, टोप्या वाटतात; ही शिबिरे बहुधा पेरणी संपल्यावर होतात, आणि तेथे नव्या मॉडेलची माहिती तेलापेक्षा अधिक सढळ हाताने मिळते.

म्हणून जिल्ह्यातील ट्रॅक्टर विक्रेत्यांस आणि जिल्हा कृषी अधिकाऱ्यांस आमची ही अर्जदास्त. मंडप नको, टोप्या नकोत, भाषण तर नकोच. जिंतूर, पालम, सोनपेठ, जेथे ज्यांचे दुकान नाही तेथे, जून ते सप्टेंबर, दर पंधरा दिवसांनी एक बाजारचा दिवस ठरवून द्यावा. त्या दिवशी एक मेकॅनिक, फिल्टरांची एक पेटी आणि तो शिक्का, एवढे तीन ऐवज बाजारतळावर हजर असावेत. ट्रॅक्टर तेथवर आम्ही आणू, तेल विकत घेऊ, आणि मेकॅनिकच्या जेवणाची तजवीजही करू.