स्टिकर निघतो, चिकटा राहतो

स्टीलच्या ताटावर स्टिकर कुठे लावायचा, हे कारखानदाराला अचूक कळते: बरोब्बर मधोमध, जिथे भात वाढायचा. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या पाण्याने धान पिकवणाऱ्या आमच्या मुलखात याहून मोठा खोडसाळपणा नाही. लग्नात आहेराची ताटे येतात आणि घरातली बाई नखाने कंपनीचे नाव खरडत बसते. कागद सुटतो, चिकटा राहतो. त्यावर धूळ बसली की घासलेले ताटही उष्टे दिसते.

आमच्या या झाडीपट्टीची चिकटवण्याची जुनी रीत सज्जन होती. दिवाळीनंतर वडशाच्या नाटकांची पोस्टरे खळीने भिंतीवर चढायची आणि मृगाच्या पहिल्या सरीत नायक, नायिका, खलनायक तिघेही नालीत. स्टिकरचा डिंक पाण्याला भीक घालत नाही. रबर आणि राळेच्या जातीचा तो, पुरता वाळतच नाही. नरमतो तेलाने आणि उष्णतेने.

एवढे कळले की घरोघरी तज्ज्ञ उभे राहतात. "मातीचं तेल लावा ना जी!" लावले, निघाले, पण मग वरणालाही तोच वास. भाचा डिओ मारतो. त्यातल्या स्पिरिटने चिकटा थोडाफार सुटतो, मात्र चूल पेटलेली असेल तर फवारा पेट घेईल. मोटारसायकलवाला डब्ल्यूडी-40 आणतो. 1953 साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत पाणी हटवण्याच्या 40व्या प्रयोगात ते जमले, म्हणून हे नाव; अ‍ॅटलस क्षेपणास्त्राला गंज लागू नये म्हणून ते वापरले गेले. आपण त्याने पेट्रोलच्या टाकीवरून गेल्या निवडणुकीतला उमेदवार उतरवतो. तिथे ते शोभते, जेवणाच्या ताटाला नको.

आजी जवसाचे तेल पुढे करते. तिच्या हातच्या भाजीपुरते ते ठीक, पण जवसाचे तेल हवेत सुकून कडक होते, म्हणूनच तर ते रंगात घालतात. ताटावर लावून विसरलात तर स्टिकरच्या जागी वार्निश.

खोबरेल बरे. ताट उन्हात तापवा, खोबरेल चोळा, थोडा वेळ विसरा, मग फडक्याने पुसून साबणाने घासा. आणि आहेर करणाऱ्यांनो, किमतीचा स्टिकर तुम्ही न विसरता काढताच. त्याच हाताने कंपनीचाही काढत जा.